गायधनी सरांची ब्रँच

गायधनी सरांच्या क्लासमध्ये कोणाच्या स्क्रीनवर एरर आली, की सर जिथे असतील तिथून झपझप यायचे आणि सगळ्यांत आधी मॉनिटरखालचं गोल बटण फिरवून स्क्रीन काळी करून टाकायचे. एरर कसली आहे, ते नंतर. आधी अंधार. मग खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून हळू आवाजात म्हणायचे, "घाबरू नकोस. मशीन रागावलेलं नाही. त्याला कळलं नाही, म्हणून विचारतंय. जा, पाणी पिऊन ये." आपण माठातलं पाणी पिऊन येईपर्यंत बटण पुन्हा जागेवर आलेलं असायचं, आणि शेजारच्या मशीनवरच्या मुलांना काय झालं याचा पत्ताही नसायचा.

"चूक ज्याची त्यानं बघायची," असं ते म्हणायचे. "ती काय चारचौघांत मिरवायची वस्तू आहे?"

हा क्लास नाशिकला पंचवटीत होता, एका बियाणांच्या दुकानाच्या वर. नव्वदच्या दशकाचा शेवट. दोन खोल्या, काळ्या-पांढऱ्या पडद्याची मोजकी मशीन्स, आणि बाहेर चपलांचा ढीग, कारण धुळीनं मशीन बिघडतं यावर सरांचा ठाम विश्वास होता. आम्ही मखमलाबादचे, भाजीवाले. पहाटे मार्केटात मेथी-कोथिंबीर उतरवून झाली की वडील त्याच टेम्पोतून मला क्लासच्या दारात सोडायचे. माझ्या ओढणीला कोथिंबिरीचा वास यायचा आणि कॉलेजरोडच्या मुली नाक मुरडतात असं मला उगाचच वाटायचं. पहिल्या दिवशी वडील वरपर्यंत आले होते. चपला काढून दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "सर, पोरगी हुशार हाय, पण लय बोलत नाय. जमंल का हिला?"

"तिचंच जमेल," सर म्हणाले. "इथं गप्पा मारणाऱ्यांचं काही होत नाही."

वडील खूश होऊन गेले. मीही खूश झाले, पण मी ते दाखवलं नाही. बोलत नव्हते ना.

सर अंगानं किडकिडीत. भर एप्रिलातही शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत, बटणं लावलेली. हसू आलं की तोंडावर हात. आणि लाजाळू इतके की विचारू नका. एखाद्या मुलाचं नाव विसरले तर दुसऱ्या दिवशीही त्याच्याकडे बघताना त्यांचे कान लाल व्हायचे. एकदा फळ्यावर एक प्रोग्रॅम चुकला. सुरगाण्याहून येऊन इथे खोली करून राहिलेला एक मुलगा होता, त्यानं हात वर करून म्हटलं, "सर, हे असं नाही चालणार." सरांनी बघितलं, खडू खाली ठेवला आणि क्लास लवकर सोडला. दुसऱ्या दिवशी आम्ही आलो तर फळा आधीच भरलेला. "काल मी तुम्हाला चुकीचं शिकवलं," ते म्हणाले. "मला झोप आली नाही. आज नीट बघा." आम्ही एकमेकांना कोपरखळ्या मारून हसलो होतो. एवढ्याशा गोष्टीसाठी झोप उडवून घेणारा माणूस आम्हाला विनोदी वाटला. त्या वयात दुसऱ्याची लाज गमतीची वाटते.

त्यांचा पहिला धडा फायली आणि डिरेक्टरींचा असायचा. डिरेक्टरी म्हणजे आपण आज ज्याला फोल्डर म्हणतो ते. काळ्या पडद्यावर दोन्ही सारखीच दिसायची आणि पोरं गोंधळायची. सर सांगायचे, "हे घरासारखं आहे. एका घरात एकाच नावाची दोघं ठेवू नका. हाक मारली की कोण येणार? म्हणून एका जागी एका नावाची फाइल असली, की त्याच नावाची डिरेक्टरी तिथं होत नाही. मशीन नाही म्हणतं, आणि बरोबर म्हणतं." हा धडा मी इतक्या वेळा ऐकला की तो मला पाढ्यांसारखा पाठ झाला.

पुढे मी शिकले, आणि गंगापूर रोडवरच्या एका छोट्या कंपनीत लागले. कंपनी म्हणजे एका बंगल्याचा वरचा मजला. द्राक्षांची पॅकहाऊसं आणि मार्केटातले आडते यांना लागणारी सॉफ्टवेअर आम्ही करायचो. मालक निखिल, माझ्याहून लहान, भरभर बोलणारा, मनानं चांगला. बाकी सगळी पोरं नुकती कॉलेजातून बाहेर पडलेली. आडत्यांच्या कामात मला फार मान होता, कारण तोलाई म्हणजे माल तोलायची मजुरी आणि पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या हाती पडणारा हिशेब, हे तिथं फक्त मला माहीत होतं. मी तिथली सगळ्यांत जुनी झाले, म्हणून इतरांचं काम बघायचं माझ्याकडे आलं.

एक दिवस निखिल म्हणाला, "आडत्यांचे जुने प्रोग्रॅम नव्यात आणायला एक अनुभवी माणूस मिळालाय. उद्यापासून येईल." दुसऱ्या दिवशी दार उघडलं आणि आत आले गायधनी सर. बाह्या मनगटापर्यंत. केस पांढरे झालेले. मी ताडकन उभी राहिले. त्यांनी मला बघितलं, ओळखलं, आणि कान लाल झाले.

"नमस्कार, मॅडम," ते म्हणाले.

"सर, मी सुनीता."

"ओळखलं ना. पण इथं तुम्ही मॅडम."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माणसानं मला की-बोर्डवर बोटं कुठे ठेवायची ते शिकवलं, तो मला अहो-जाहो करत होता, तेही सगळ्यांसमोर. मी नंतर जिन्यात गाठून विनवलं. "सर, मला अगंतुगं करा हो. बरं नाही वाटत." त्यांनी मान हलवली. "तो क्लास होता. तिथं ती खुर्ची माझी होती. आता तुम्ही माझं काम बघणार. मी तुम्हाला अगं सुनीता म्हणालो, तर ही पोरं तुमचं ऐकतील का?" माझ्याच भल्यासाठी ते मला असं लाजवत होते. मी सूड म्हणून सगळ्या पोरांना बजावलं, की त्यांना सर म्हणायचं. त्यामुळे ऑफिसातला सगळ्यांत नवा माणूस सगळ्यांचा सर आणि त्या सरांची मी मॅडम, असा आमचा कारभार सुरू झाला.

क्लासचं काय झालं, हे मी एकदाच विचारलं. "बंद नाही केला," ते म्हणाले. "वातानुकूलित क्लास आले, मग घरोघरी मशीन आलं. एक दिवस कोणी आलंच नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. मी आपला मशीन पुसून बसलो होतो."

आता थोडं कामाबद्दल सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. निखिलनं नुकतंच गिट नावाचं एक साधन आणलं होतं. सगळ्यांनी मिळून लिहिलेल्या प्रोग्रॅमचा प्रत्येक बदल ते सांभाळून ठेवतं: कोणी, कधी, काय बदललं ते सगळं. मूळ काम एकीकडे सुरक्षित. ज्याला काही नवं करायचं असेल त्यानं आपल्या मशीनवर आपली ब्रँच काढायची, म्हणजे मूळ कामाची आपल्यापुरती वेगळी वाट. तिथं हवा तो गोंधळ घालावा, इतरांना त्रास नाही. काम जमलं की ती ब्रँच मुळात मिळवून टाकायची. त्याला मर्ज म्हणतात. नाशिकमध्ये त्या काळी हे फार कोणी वापरत नव्हतं आणि खरं सांगायचं तर आम्हालाही ते धड येत नव्हतं. आम्ही चुकायचो, एकमेकांच्या नावानं ओरडायचो, चहा प्यायचो आणि पुन्हा चुकायचो. फक्त आम्हाला त्याची लाज वाटत नव्हती.

निखिलचा एक नियम होता. ब्रँचला नाव देताना आधी स्वतःचं नाव, मग तिरकी रेघ, मग कामाचं नाव. म्हणजे कोण काय करतंय ते लगेच कळावं.

सर आले आणि मी त्यांना हे सगळं समजावून सांगितलं. ते पहिल्या बाकावरच्या मुलासारखे ऐकत होते. मधूनमधून "अच्छा, अच्छा" म्हणत होते. मला शिकवताना कानकोंडं होत होतं, म्हणून मी भरभर सांगून मोकळी झाले. ते म्हणाले, "कळलं, मॅडम. उत्तम समजावलंत." त्यानंतर त्यांनी कोणाला काहीही विचारलं नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे, संध्याकाळी सगळ्यांच्या नंतर जायचे आणि दिवसभर मान खाली घालून टायपिंग करायचे. त्यांच्या बाजूनं कोणी गेलं, की हात हलकेच मॉनिटरकडे जायचा.

काही आठवडे गेले. निखिलनं मला बोलावलं आणि स्वतःची स्क्रीन दाखवली. "सुनीता, तुझे सर दिवसभर करतात काय? त्यांच्या नावावर एक ओळसुद्धा नाही. एक ब्रँच नाही, काही नाही. मला वाईट वाटतं, पण असं कसं ठेवायचं? तू बोल त्यांच्याशी. या महिन्यात काही दिसलं नाही तर मला त्यांना नाही म्हणावं लागेल."

मी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडे गेले. सगळी पोरं बाहेर टपरीवर होती. मी खुर्ची ओढली, तशी सरांनी मॉनिटर बंद केला. नवा, चपटा मॉनिटर. त्याला गोल बटण नव्हतं. त्यांनी सरळ वीजच घालवली.

"सर, मी बघू का जरा?"

"नको, मॅडम. होतंय. मी करतो."

"सर, अडलंय का काही?"

मला त्यांचंच वाक्य म्हणावंसं वाटलं, मशीन रागावलेलं नाही. पण ते माझ्या तोंडी आगाऊपणाचं झालं असतं. मी फक्त खुर्ची अशी फिरवली, की माझी पाठ दाराकडे झाली आणि कोणी आलं तरी स्क्रीन दिसणार नाही. सरांनी ते बघितलं. मग त्यांनी मॉनिटर लावला.

काळ्या खिडकीत एकच कमांड खालपासून वरपर्यंत टाइप केलेली होती. ब्रँच काढायची कमांड. दर वेळी नाव बरोबर, रेघ बरोबर, कामाचं नाव बरोबर. आणि दर वेळी मशीनचं तेच उत्तर: गायधनी आहे, म्हणून गायधनी-रेघ-आडत करता येत नाही. आणि खाली तो भयंकर शब्द, फेटल, म्हणजे प्राणघातक.

"पहिल्या दिवसापासून हेच येतंय," सर म्हणाले. "मला वाटलं, ते म्हणतंय, हा माणूस इथं आहे खरा, पण याला काही काढता येणार नाही. हसू नका."

मी हसत नव्हते. मी विचारलं, "सर, पहिल्या दिवशी सरावासाठी तुम्ही एखादी ब्रँच काढली होती का? फक्त आडनावाची?"

"हो. तुम्ही सांगितलंत, करून बघा. मग मी आपलं गायधनी नावाची काढली. ती निघाली की लगेच."

"त्याचंच झालंय, सर. हे आत प्रत्येक ब्रँचची एक फाइल ठेवतं. गायधनी नावाची फाइल झालीये. आता तुम्ही रेघ दिली, की त्याला गायधनी नावाचं फोल्डर करावं लागतं, आणि एका जागी..."

मी थांबले. पण उशीर झाला होता. वाक्य त्यांनीच पुरं केलं, अगदी फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं. "एका जागी एका नावाची फाइल असली, की त्याच नावाची डिरेक्टरी तिथं होत नाही."

नंतर ते म्हणाले, "हे मीच शिकवायचो ना?"

"हो, सर."

त्यांनी चष्मा काढला. कान, गाल, गळा, सगळं लाल झालं होतं. काही मोठं कोडं असतं, आम्हा सगळ्यांनाच न सुटणारं, तर त्यांनी ते सहन केलं असतं. पण हे पहिल्या धड्यातलं निघालं. मला त्या क्षणी तिथून उठून पळून जावंसं वाटलं. त्यांच्यासाठी लाजायचं की त्यांना असं पकडलं म्हणून स्वतःसाठी, ते कळेना.

सुधारणा दोन मिनिटांची. मी सांगत गेले, टाइप त्यांनीच केलं. आधी गायधनी ब्रँच काढून टाकायला गेलो, तर मशीन म्हणालं, तुम्ही सध्या तिच्यावरच आहात, ती पुसता येत नाही. मग मूळ कामावर परत आलो, ती पुसली आणि रेघेसकट नवी काढली. कमांड दिल्यावर मशीननं काहीच उत्तर दिलं नाही.

"काही बोललं नाही," सर घाबरून म्हणाले.

"झालं की ते बोलत नाही, सर. गप्प बसलं म्हणजे झालं."

"एवढंच होतं?" ते म्हणाले. मग पुन्हा, स्वतःशी, "एवढंच होतं." इतके आठवडे ते काय करत होते, तेही मग कळलं. काम थांबवलं नव्हतं. पहिल्या दिवशीच सगळ्या प्रोग्रॅमची एक प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर काढून घेतली होती आणि तिथं, गिटच्या नकळत, एकट्यानं आडत्यांचं अर्धं काम पुरं केलं होतं. त्यांच्या जुन्या पद्धतीनं. काम चांगलंही होतं. मला इतकं हायसं वाटलं, की मी म्हणाले, "सर, हे सगळं आता या ब्रँचमध्ये आणा. निखिलला मी सांगते."

"सांगाल ते सांगा. पण हे रेघेचं कोणाला सांगू नका," ते म्हणाले.

नाही सांगणार म्हटलं होतं मी, आणि आज लिहिते आहे. चूक मिरवायची वस्तू नाही म्हणणाऱ्या माणसाची चूक मी चारचौघांत मांडते आहे. सर नाहीत आता, हे काही त्याला उत्तर नव्हे. लिहिताना माझेही कान गरम झालेत, एवढं खरं.

त्या संध्याकाळी सर फार उत्साहात होते. मी घरी निघाले तेव्हा त्यांनी खुर्चीतून उठून, तोंडावर हात धरून हसून मला निरोप दिला. ऑफिसात आल्यापासून ते पहिल्यांदा हसताना दिसले. त्यानंतर त्यांनी आपल्या प्रतीतलं सगळंच्या सगळं फोल्डर उचललं आणि नव्या ब्रँचवर आणून टाकलं. त्यांना वाटलं, काम आणायचं म्हणजे सगळं आणायचं. पण त्या प्रतीत इतरांच्या फायलीही होत्या, आठवड्यांपूर्वीच्या, जुन्या. मधल्या काळात आम्ही केलेल्या सगळ्या दुरुस्त्या त्यांच्याखाली झाकल्या गेल्या. सरांनी ते सगळं नोंदवलं, मुळात मर्ज केलं, आणि मशीननं कुठंही अडवलं नाही. गप्प बसलं म्हणजे झालं, असं मीच सांगितलं होतं.

द्राक्षाचा हंगाम होता. निखिल सकाळी लवकर मूळ कामाची ताजी आवृत्ती घेऊन दिंडोरीकडच्या एका पॅकहाऊसवर टाकून आला. तासाभरात तिथल्या मॅनेजरचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, सगळ्यांना ऐकू गेला. "अहो साहेब, पेट्या एका बागाईतदाराच्या अन् लेबलावर नाव दुसऱ्याचं छापतंय! मागच्या वेळी हेच झालं व्हतं, तुम्ही म्हनले नीट केलं. बाया हात बांधून बसल्या, गाडी दारात उभी हाय, माल तापतोय. काय करू सांगा!"

ही चूक आमच्यातल्या अक्षयनं पंधरा दिवसांपूर्वी डोकं आपटून दुरुस्त केली होती. तो ओरडला, "मी केलं होतं हे! कुठं गेलं माझं?" निखिल लाल होऊन हॉलच्या मधोमध आला. "काल रात्री मर्ज कोणी केलं?"

त्याला विचारायची गरज नव्हती. अक्षयच्या स्क्रीनवर नाव दिसत होतं, आणि सगळी पोरं त्याच्या खुर्चीमागे जमली होती.

सर उभे राहिले. "मी केलं," ते म्हणाले.

निखिलनं त्यांच्याकडे बघितलं आणि त्याचा राग ओसरला. त्यानं आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. तो खांदे पाडून समजुतीच्या सुरात म्हणाला, "काका, जमत नसेल तर आधी सांगायचं ना. आम्ही काय खातो का तुम्हाला?"

काका. कोणीतरी मागे फिसकन हसलं. वाईट हेतूनं नसेल, ताण सुटल्यावर हसतात तसं. सर तसेच उभे होते, टेबलाच्या कडेवर बोटं टेकून, वर्गात उत्तर न आलेल्या मुलासारखे. 'बसा' म्हणायचं कोणाला सुचलं नाही. मलासुद्धा नाही, कारण मी तोवर की-बोर्डवर होते.

गिटमध्ये काही हरवत नाही. मी सरांचं मर्ज उलटवलं, अक्षयची दुरुस्ती जागेवर आली, नवी आवृत्ती दिंडोरीला गेली, लेबलं नीट निघू लागली आणि दुपारपर्यंत गाडीही सुटली. निखिलनं सगळ्यांना मिसळ मागवली. त्याच्या दृष्टीनं विषय संपला होता. त्या ऑफिसात याहून मोठे घोळ झाले होते, मी स्वतः एकदा अख्खी याद्यांची फाइल उडवली होती आणि त्यावर पोरं अजून मला चिडवत होती. पण सरांनी मिसळीला हात लावला नाही.

दुपारी ते माझ्या टेबलापाशी आले. "मॅडम, हे पुसता येतं का?"

"काय, सर?"

"कालचं. माझ्या नावाचं. तुम्ही उलटवलंत, पण ते तिथंच दिसतंय. वर तुमचं लिहिलेलं दिसतंय, की हे उलटवलं. म्हणजे चूकही दिसते आणि चूक होती हेही दिसतं."

"ते तसंच राहतं, सर. प्रत्येकाच्या मशीनवर त्याची प्रत गेलेली असते."

"प्रत्येकाच्या?" त्यांनी हॉलभर नजर फिरवली. एकेका मशीनकडे बघत गेले.

मला ते बघवेना. मी म्हणाले, "सर, तसं पुसता येतं. अवघड नाही. मी मुळातून काढून टाकते. फक्त मग सगळ्यांना सांगावं लागेल, की तुमची प्रत टाकून द्या आणि नवी घ्या."

"कशासाठी, ते विचारतील ना?"

"हो. विचारतील."

"म्हणजे मिटवायची तर आधी सगळ्यांना पुन्हा सांगायची," ते म्हणाले. "राहू द्या, मॅडम." आणि जाऊन आपल्या जागेवर बसले.

आडत्यांचं काम त्यांनी पुरं केलं. नीट, नियमानं, रेघ देऊन ब्रँच काढून, फक्त आपल्याच फायली आणून. मी तपासलं, एक चूक नव्हती. निखिल म्हणाला, "बघ, जमलं की काकांना." मी म्हटलं, "सर म्हण." तो "हो हो, सर" म्हणाला आणि संध्याकाळपर्यंत विसरला. काम मुळात मिळालं त्याच दिवशी सरांनी निखिलला सांगितलं, की धाकट्या भावाकडे धुळ्याला जाऊन राहायचं ठरलंय, तेव्हा उद्यापासून येणार नाही. त्यांना भाऊ नव्हता. एकुलते एक होते ते, क्लासमध्ये कितीदा तरी सांगायचे. मी तिथंच उभी होते. सरांनी एकदा माझ्याकडे बघितलं. ज्या माणसानं फळ्यावरच्या चुकीसाठी झोप घालवली, तो माझ्यासमोर खोटं बोलत होता आणि मी ते खोटं उघडं पाडू नये एवढंच डोळ्यांनी मागत होता.

"हो का, सर," मी म्हणाले. "धुळ्याची हवा चांगली आहे."

धुळ्याची हवा चांगली आहे असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. पण सरांनी मान डोलावली.

त्यांच्या घरी जायचं मी पुष्कळदा ठरवलं. पाय निघाला नाही. गेले असते तर त्यांना धुळ्याचं काहीतरी सांगावं लागलं असतं. ते गेल्याचंसुद्धा मला बऱ्याच उशिरा, क्लासमधल्या एका जुन्या मुलाकडून कळलं. छातीचं काहीतरी झालं होतं म्हणाला.

त्याआधी मात्र ते मला एकदा दिसले होते. नाशिकच्याच द्वारका चौकात. मला नाशिकरोडला जायचं होतं आणि मी शेअर रिक्षाची वाट बघत उभी होते. ट्रकांची रांग लागलेली, हॉर्न, धूर. पलीकडे टायरच्या दुकानांसमोरून सर येत होते, हातात कापडी पिशवी, बाह्या मनगटापर्यंत. त्यांची माझी नजरानजर झाली. माझा हात अर्धा वर गेला. सर जागच्या जागी थांबले आणि बाजूच्या टायरच्या दुकानात शिरले.

आयुष्यभर सायकलवर फिरलेला माणूस. तिथं ट्रकचे टायर रचलेले होते, माणसाच्या छातीएवढे. सर माझ्याकडे पाठ करून त्यातल्या एकावर हात ठेवून उभे राहिले आणि दुकानदाराला काहीतरी विचारू लागले. तो बिचारा बाहेर येऊन त्यांना टायर दाखवायला लागला. सर खाली वाकून वाकून बघत होते.

मला रस्ता ओलांडून जावंसं वाटलं. सांगावंसं वाटलं, की सर, ते कोणाच्या लक्षातसुद्धा नाही. अक्षय पुण्याला गेला, निखिलनं ऑफिस बदललं, ती मशीन्सही भंगारात गेली. पण सर निखिलला किंवा अक्षयला चुकवत नव्हते. ते मला चुकवत होते. त्या दोघांनी एक मर्ज बिघडलेलं बघितलं होतं. मी त्या काळ्या खिडकीत वरपासून खालपर्यंत तीच तीच कमांड बघितली होती. मी त्यांच्या बाजूनं होते, तरी बघितली मीच होती, आणि मी जितकी जवळ जाईन तितकं त्यांना ते पुन्हा दिसणार होतं.

नाशिकरोडची रिक्षा येईना. दुकानदारानं आता दुसरा टायर ओढून पुढे आणला. सरांनी मान वळवून तिरक्या नजरेनं पाहिलं, मी गेले का ते. मी अजून तिथंच होते. ते पुन्हा वाकले. त्यांचं वय झालेलं होतं आणि ऊन चांगलंच होतं.

समोर एक रिक्षा थांबली. मी तिच्यात चढले, कोपऱ्यात सरकून बसले, आणि ती कुठे चालली आहे हे रिक्षा सुटल्यावर विचारलं.